‘पुढे कशात?’ याचं एक उत्तर

एमबीबीएस झालेल्या मुलीनं ‘फॅमिली मेडिसिन’ म्हटलं की घरचे विचारतात, ‘म्हणजे साधी डॉक्टरच ना?’ इथे नवी मुंबईतल्या खारघरमध्ये कर्करोगासाठी टाटा स्मारकाचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे, ही मोठीच सोय. पण आजोबांचा मधुमेह, सुनेचा थायरॉइड आणि नातवाचा दमा एकाच नजरेखाली ठेवणं हेही तितकंच कसबाचं काम आहे, आणि त्यासाठी डीएनबी या पदव्युत्तर पदवीचा तीन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. नॉर्वेतल्या एका मोठ्या अभ्यासात एकाच फॅमिली डॉक्टरकडे पंधराहून अधिक वर्षं जाणाऱ्यांत, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळली. अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, हे मान्य. मात्र ओळख जितकी जुनी तितका फायदा अधिक, हा चढता क्रम सहज झटकता येत नाही.

नॉर्वेत जवळपास प्रत्येकाच्या नावे डॉक्टर असतो. इथे भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर सेक्टर बदलतो, असा आक्षेप येईल. पण सेक्टर बदलला म्हणून दवाखाना बदलावाच लागतो असं नाही. खरी अडचण पैशाची आहे. गाळ्याचं भाडं आणि शिक्षणाचं कर्ज तपासणी फीमधून फेडायचं, तर तरुण डॉक्टर त्वचारोगाकडे वळल्यास त्याला दोष कसा द्यावा? सार्वजनिक आरोग्य आणि फॅमिली मेडिसिनसाठी पदव्युत्तर जागांचा चौथा हिस्सा राखण्याचं उद्दिष्ट २००२च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच होतं. त्या जागा कुठे आहेत, हे त्या मुलीला नव्हे, सरकारला विचारायला हवं.