आधी बसा!

यंत्र बंद पडलं की माणसं चालू होतात, असा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. १९८३ साली पुण्यात माझी स्कूटर रुसली की निम्मा वाडा खाली उतरे. कुणी ‘तिरकी करा’ म्हणे, कुणी ‘प्लग काढा’. टाकीत पेट्रोल आहे का, हे मात्र कुणी बघत नसे.

हा रोग फक्त आपलाच, असा माझा समज होता. न्यू जर्सीला चिरंजीवांकडे गेलो आणि तो फिटला. त्यांना नव्या घराबरोबर गवत कापायची गाडी मिळाली होती. ट्रॅक्टरचं बाळच म्हणा ना. वर बसून हिंडायचं. एप्रिलातल्या एका शनिवारी ती हूं की चूं करीना. शेजारी म्हणाला, “बॅटरी बदला.” नवी बॅटरी आली, गाडी ढिम्म. चिरंजीव म्हणाले, “बाबा, नवीच घेऊ या.” मी पक्कड सरसावून म्हणालो, “थांब रे, सीटखालच्या दोन वायरी जोडून टाकतो.”

माझं भांडण या तिन्ही पक्षांशी आहे. स्वतःशी तर सगळ्यात जास्त. एकजण न विचारता बदलतो, दुसरा न विचारता फेकतो आणि आपण देशी तज्ज्ञ न विचारता वायरी जोडतो! अहो, यंत्र काही मुकं नसतं. किल्ली फिरवल्यावर नुसतंच ‘टक्’ झालं, तर बहुधा बॅटरी उतरलेली, नाहीतर तिच्या टोकांना गंज. इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, तर पेट्रोल नाहीतर ठिणगी बघा. हिवाळाभर टाकीत पडलेलं पेट्रोल शिळं होतं. आणि काहीच आवाज नाही, तर फ्यूज आणि सुरक्षेचे स्विच तपासा. ब्रेक दाबलेला हवा, पात्याचा खटका बंद हवा...

शेवटी हिनं गॅरेजमधलं माहितीपुस्तक आणून आमच्यापुढे धरलं. “या चित्रातला माणूस बसलाय. तुम्ही सगळे उभे का?”

दोन तास तीन शहाणे गाडीभोवती उभे होतो! चिरंजीव निमूट सीटवर बसले, ब्रेक दाबला, किल्ली फिरवली. गाडी सुरू!

अर्धं अंगण झालं असेल नसेल, तोच चार वर्षांचा नातू घरातून धावत सुटला, थेट गाडीकडे. बापानं घाबरून उडी टाकली. तो सीटवरून उठताक्षणी इंजिन आपोआप बंद पडलं. त्याच स्विचच्या वायरी मी जोडायला निघालो होतो. पक्कड अजून माझ्या हातातच होती. मी ती गुपचूप खिशात घातली आणि नातवाला उचलून घेतलं.

म्हणून सांगतो, बंद यंत्राला आधी विचारा, मग हात लावा. आणि एखादा भाग आडवा येत असेल, तर तो कुणासाठी आडवा येतोय हे कळल्याशिवाय त्याला बाजूला करू नका.

नवी बॅटरी आम्ही दुकानात परत देऊन आलो. सल्ला परत घ्यायची सोय शेजाऱ्याकडे नव्हती.