हिशेबाचा छंद आणि सल्ल्याचा पेशा

घरखर्चाची कीर्द स्वहस्ते नेटकी ठेवणारा आणि आप्तेष्टांची कर्जे व विमापत्रे हौसेने तपासून देणारा गृहस्थ या छंदालाच उपजीविकेचे साधन करू पाहतो, तेव्हा त्याच्या व्यासंगाविषयी आमच्या मनात आदरच असतो. परंतु मेहनताना घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यावयाचा, तर 'सेबी'च्या २०१३ च्या विनियमांनुसार सल्लागार म्हणून नोंदणी करावी लागते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. जमाखर्चाची शिस्त आणि कर्जफेडीचा क्रम शिकविणे निराळे, अमुक फंड घ्या म्हणून सांगणे निराळे. (दस्तुरी खिशात घालून निःपक्षपातीपणाचा आव आणणारांविषयी न बोललेलेच बरे.) ज्या वाचकांना फंडांची नावे सुचवावयाची असतील, त्यांनी प्रथम नोंदणीचे प्रमाणपत्र मिळवावे आणि मगच दारावर फलक लावावा.