विमानतळ ४५ मिनिटांवर? कुणाच्या घड्याळात?

वडखळवरून अलिबागकडे वळलं की जागेच्या जाहिरातींचे फलक सुरू होतात. हल्ली त्यावर नवीन वाक्य दिसतं, 'विमानतळ फक्त ४५ मिनिटांवर'. नागावकरांनो, एकदा हिशोब करूया.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली. आनंदच आहे, आपल्या रायगडातला विमानतळ! नागावपासून सरळ रेषेत तो साधारण ४५ किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरने उडणाऱ्या विमानाला हे अंतर साडेतीन मिनिटांचं. पण आपल्याला पंख नाहीत. आपण जाणार अलिबाग, कार्लेखिंड, पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल असे. ७० किलोमीटरच्या वर. रस्ता मोकळा असेल तर दोन तास. शनिवार-रविवार असेल तर घड्याळ बघूच नका.

मागे भाच्याला दुबईच्या विमानासाठी सहारला सोडायला गेलो होतो. मुंबई ते दुबई १,९०० किलोमीटरच्या वर, विमानाला तीन-सव्वातीन तास. नागाव ते सहार ११० किलोमीटरच्या आसपास, रविवारची संध्याकाळ, आम्हाला साडेचार तास! तिकिटावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

कोणी म्हणेल, रो-रो आहे की. आहे, २०२० पासून मांडवा ते भाऊचा धक्का, तासाभरात. पण मध्यरात्री निघायचं झालं तर बोट कुठे? कोणी म्हणेल, रेवस-करंजा पूल होऊ द्या. अहो, अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून हा पूल ऐकतोय! आणि मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून आपण रोज हाडं मोजत बघतोच आहोत.

मग हे '४५ मिनिटं' कोणासाठी? दलाल तुमची नारळ-पोफळीची वाडी आजच्या रस्त्याच्या भावात घेतो आणि उद्याच्या पुलाच्या भावात विकतो. मधला फरक त्याच्या खिशात. आपल्या वाट्याला राहते ती ट्रॅफिक.

माझा विमानतळाला विरोध नाही. खोट्या मिनिटांना आहे. मागण्या साध्या आहेत. अलिबाग-वडखळ रस्त्याचं रुंदीकरण कधी पूर्ण होणार, तारीख सांगा. रेवस-करंजाचं काम किती झालं, दर तीन महिन्यांनी जाहीर करा. अलिबाग आगारातून विमानांच्या वेळा धरून, रात्री-पहाटेसुद्धा, विमानतळाची एसटी सोडा.

तोपर्यंत वाडीच्या कागदावर सही करण्याआधी एक करा. त्या दलालाला रविवारी संध्याकाळी आपल्या दारातून गाडीत बसवा आणि म्हणा, चला, ४५ मिनिटांत विमानतळ दाखवा.

आणि तुम्ही शेवटचे विमानतळावर गेलात तेव्हा घरातून किती वाजता निघालात, किती वाजता पोचलात, ते खाली लिहा. खरे आकडे आपणच गोळा करू.