दोन याद्या कशासाठी?

युद्धकाळावरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची एक यादी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. ती माझी एकटीची नाही. शिक्षक, ग्रंथालयात येणारे वाचक, माजी विद्यार्थी, त्यांचे पालक, ज्याला जे पुस्तक आठवले ते त्याने कळवले आणि मी लिहून घेतले. पुस्तक, लेखक, भाषा, कोणते युद्ध, कोणत्या साली आणि कोणी सुचवले, एवढेच रकाने. काम निरुपद्रवी वाटावे असे. पण हल्ली या यादीवरून मला दोन बाजूंनी सल्ले येऊ लागले आहेत.

आपल्यातले काही जण म्हणतात, "आपा, उर्दू शाळेच्या मुलांना देता त्या यादीत पेशव्यांच्या कादंबऱ्या कशाला? आपल्या तारीखी नाविलांची वेगळी यादी करा." मराठी शाळांतले काही सहकारी म्हणतात, "मॅडम, नसीम हिजाजी पाकिस्तानचा लेखक. त्याची पुस्तके काढून टाका, निदान वेगळी तरी ठेवा." दोघांनाही वाटते की आपण एकमेकांच्या विरुद्ध बोलतो आहोत. मागणी मात्र एकच आहे : दोन याद्या करा. ती मला मान्य नाही. आणि का मान्य नाही, हे आपल्याच वार्षिकात, आपल्याच माणसांसमोर सांगितले पाहिजे.

यादी मी भाषेनुसार लावलेली नाही, लेखकानुसारही नाही. ती युद्धानुसार आहे. 14 जानेवारी 1761, पानिपत, या नोंदीखाली विश्वास पाटलांची 1988 सालची 'पानिपत' आहे आणि तिच्याच खाली हिजाजींची 'मुअज्जम अली' आहे. या दुसऱ्या कादंबरीचा नायक बंगालमध्ये सिराजुद्दौलाच्या बाजूने इंग्रजांशी लढतो, पुढे पानिपतावर पोचतो आणि शेवटी हैदरअलीच्या श्रीरंगपट्टणात जाऊन राहतो. एकच रणांगण, दोन भाषा. आपल्या मुलाला या दोन्ही भाषा येतात. घरी उर्दू किंवा दखनी, बाजारात आणि एस.टी.त मराठी, शाळेत दोन्ही. या राज्यात ही दोन पुस्तके मूळ भाषांतून शेजारी ठेवून वाचू शकणारा वाचक बहुतेक वेळा आपल्याच घरातला असतो. मग त्याचे एक पुस्तक काढून घेण्याची घाई आपल्यालाच का व्हावी?

पानिपत हे हिंदू-मुसलमानांचे युद्ध म्हणून सांगितले जाते. शाळेच्या मैदानात मुलेही तसेच खेळतात. पण मराठ्यांच्या तोफखान्याचा आणि कवायती पलटणींचा सरदार इब्राहीमखान गारदी होता. फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला, आधी निजामाच्या चाकरीत असलेला हा माणूस शेवटपर्यंत भाऊसाहेबांबरोबर राहिला, जखमी होऊन पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. आता दुसरी बाजू पाहा. अब्दालीकडून लढणाऱ्या शुजाउद्दौल्याच्या फौजेत नागा गोसावी होते. त्याच शुजाच्या चाकरीत काशीराज पंडित हा दख्खनी ब्राह्मण होता. त्याने या युद्धाची हकीकत लिहिली, आणि लिहिली ती फारसीत. गारदी एकीकडे, गोसावी दुसरीकडे. दोन याद्या करा म्हणणाऱ्यांनी मला सांगावे, इब्राहीमखानाला कोणत्या यादीत टाकू? आणि काशीराजाला?

हिजाजींबद्दल मी कठोर बोलते, असे काहींचे म्हणणे आहे. त्यांनी कित्येक घरांत उर्दू वाचनाची गोडी लावली, हे मी नाकारत नाही. ज्या बायकांना शाळा पुरी करता आली नाही त्यांनीही त्यांची पुस्तके चुलीपाशी बसून वाचली आहेत. पण अंदलूसपासून श्रीरंगपट्टणापर्यंत त्यांचा नायक एकच असतो, फक्त घोडा बदलतो. तो देखणा असतो, पाक असतो, आणि हरला तर केवळ गद्दारामुळे हरतो. दारूगोळा संपला, रसद तुटली, पगार थकले, पाऊस लांबला, असल्या कारणांनी हिजाजींच्या जगात सहसा कोणी हरत नाही. मराठीतही हे दुखणे आहेच. कितीतरी कादंबऱ्यांत खान आला की तो गडगडाटी हसलाच पाहिजे. दोन्हीकडचे वाचक आपापल्या पुस्तकाला इतिहास समजतात. उर्दूत तर घोटाळा शब्दापासूनच आहे. इतिहासालाही आपण तारीख म्हणतो आणि तारीखी नाविल म्हटले की मूल ते तारीख म्हणूनच वाचते.

या भांडणाची मुळे पाहिली तर गंमत वाटते. अब्दुल हलीम शरर यांनी 1888 साली 'मलिकुल अजीज वर्जिना' लिहिली, ती सर वॉल्टर स्कॉटच्या 'टॅलिस्मन'ला जबाब म्हणून. इकडे हरिभाऊ आपट्यांनी 1890 च्या सुमारास ऐतिहासिक कादंबरीला हात घातला तो कोणावर? टिपू सुलतानावर. 'म्हैसूरचा वाघ' ही त्यांची कादंबरी मेडोज टेलर या इंग्रजाच्या पुस्तकावर बेतलेली आहे, आणि हा टेलर निजामाच्या चाकरीत राहिलेला होता. म्हणजे ज्या साच्यातून 'आपली' कादंबरी निघाली तो विलायती आणि 'त्यांची' निघाली तोही विलायती. टिपूच्या नोंदीखाली आपट्यांची ही कादंबरी आणि हिजाजींची 'और तलवार टूट गयी' एकत्र आहेत. तिथून मी एकही हलवणार नाही.

दुसरी एक सूचना वरवर लोकशाहीची आहे. ज्या पुस्तकाला जास्त लोकांनी सुचवले ते वर ठेवा, म्हणतात. तसे केले तर पहिली पाने हिजाजी आणि चार-पाच गाजलेले मराठी लेखक यांनीच भरतील. अब्दुल्ला हुसैन यांची 1963 सालची 'उदास नस्लें' कुठेतरी तळाला जाईल. पहिल्या महायुद्धात परक्याच्या लढाईसाठी हात गमावून गावी परतलेला नईम ज्याने वाचला नाही, त्याला युद्धकादंबरी काय असते ते अजून कळायचे आहे. सगळ्यांनी मिळून यादी करायची याचा अर्थ सगळ्यांनी पुस्तके आणायची. कोणाचे पुस्तक दिसू नये हे हात वर करून ठरवायचे नसते.

नियम मात्र हवेत, आणि ते सर्वांना सारखे हवेत. विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' आणि जहीर देहलवींची 'दास्तान-ए-गदर' ही दोन्ही पुस्तके 1857 खाली वारंवार सुचवली जातात. ती आठवणींची पुस्तके आहेत, कादंबऱ्या नव्हेत. म्हणून ती वेगळ्या पानावर आहेत, आणि दोघेही एकाच पानावर आहेत. शिवाय आता मी एक रकाना वाढवला आहे : यातले घडलेले काय आणि रचलेले काय. तो भरायला लोक कुरकुरतात. सुचवणाऱ्याने दोन ओळी लिहिल्याशिवाय मी पुस्तक नोंदवत नाही.

खरे मतभेद झाले ते 1948 वरून. मराठवाड्यातल्या एका वाचकाने हैदराबादची नोंद उघडायला सांगितली आणि लगेच हरकत आली की ते युद्ध नव्हते, पोलीस ॲक्शन होती. 13 सप्टेंबरला फौज सरहद्द ओलांडून आत जाते, पाच दिवसांत संस्थान संपते आणि आपण नावावर अडून बसायचे? रझाकारांनी केलेले जुलूम मराठवाड्याला पाठ आहेत आणि ते पाठ असलेच पाहिजेत. नंतर जे झाले ते सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने लिहून ठेवले. तिचा अंदाज 27 ते 40 हजार मृत्यूंचा होता, आणि तो अहवाल कित्येक दशके दडपून ठेवला गेला. त्या समितीत काझी अब्दुल गफ्फार होते, 'लैला के खुतूत'चे लेखक. कादंबरीकार माणूस उस्मानाबाद-नांदेडच्या गावांचा हिशेब करीत होता. ही नोंद मी उघडली आहे. तिच्याखाली मुक्तिसंग्रामावरच्या मराठी कादंबऱ्या येतील आणि संस्थानाच्या अखेरीवरच्या उर्दूही. एकीला हाकलून दुसरी येणार नाही.

आणि 1939 ते 1945, समुद्र, या नोंदीखाली पान कोरे आहे. रत्नागिरी-रायगडच्या किती मुसलमान खलाशांनी, सारंगांनी, तांडेलांनी त्या वर्षांत इंग्रजांच्या मालवाहू जहाजांवर काम केले, किती जण टॉर्पेडोने बुडाले, हे कोकणातल्या घरांना ठाऊक आहे. तिथे माझी-तुझी यादी करायला कोणी पुढे येत नाही, कारण वाटून घ्यायला पुस्तकच आलेले नाही. ज्यांच्याकडे असे पुस्तक असेल, मराठीत, उर्दूत किंवा कोकणीत, अगदी जीर्ण झालेले असले तरी चालेल, त्यांनी ते कळवावे. प्रकाशनाचे साल जरूर द्यावे, आणि घडलेले काय व रचलेले काय त्याच्या दोन ओळीही.