दोरी कोणाच्या हातात?

आपल्या हॉस्टेलमध्ये एक खेळ बारा महिने चालतो. दोन बाईक, दोन मोबाईल नाहीतर दोन लॅपटॉप घ्यायचे आणि रात्री दोनपर्यंत भांडायचं. याचा टॉर्क जास्त, त्याचं मायलेज जास्त, याची रॅम, त्याची बॅटरी... आणि शेवटी घेणारा काकांच्या ओळखीचा दुकानदार देईल ते घेऊन येतो! या खेळात मीही असते. पण यंदा माझ्यापुढे जो प्रश्न आला तो जरा वेगळा होता. बाईकचा नाही, बोटीचा!

माझा मावसभाऊ अमेरिकेत टेनेसी राज्यात नोकरीला आहे. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून एक सेकंडहँड टो-बोट घेणार आहेत. टो-बोट म्हणजे मागे दोरी बांधून माणसाला पाण्यावरून ओढत नेणारी बोट. कोणी पायात स्की घालतो, कोणी वेकबोर्ड. दादाला दोन बोटी पसंत पडल्यात. एक मास्टरक्राफ्टची, एक मालिबूची. दोन्ही वीस-एकवीस फुटी, दोन्ही २००० नंतरच्या दशकातल्या आणि किंमतही जवळजवळ तीच. "तू मेकॅनिकलला आहेस ना, मग सांग कुठली चांगली," इति दादा.

मी दोन्हींचे कागद वाचले आणि माझं एक मत झालं. यंत्रं जेव्हा इतकी सारखी असतात तेव्हा निवड स्टिअरिंगवर बसणाऱ्याने करू नये. दोरी धरून पाण्यात असणाऱ्याने करावी.

आधी सारखेपणा किती ते बघा. हा खेळ १९२२ साली मिनेसोटातल्या लेक पेपिनवर जन्मला. राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाने लाकडाच्या दोन फळ्यांवर उभं राहून मोटारबोटीच्या मागे स्वतःला ओढून घेतलं. (म्हणजे आपल्यापेक्षाही लहान!) मास्टरक्राफ्ट १९६८ ची, टेनेसीतली. मालिबू १९८२ ची, कॅलिफोर्नियातली. पण आज दोघींचे कारखाने पूर्व टेनेसीतच आहेत, एक व्होनोर गावात आणि एक लाऊडन गावात. एका कारखान्यातून निघालात तर दुसऱ्यात चहाला जाता येईल. त्या भागात तळीही भरपूर, कारण टेनेसी व्हॅली अथॉरिटीची धरणं. हीच ती १९३३ ची संस्था, जिच्यावरून आपलं दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं. शाळेत घोकलेला भूगोल कधी कुठे भेटेल सांगता येत नाही!

त्या दशकात दोन्ही कंपन्यांना व्ही-एट इंजिन पुरवणारी कंपनीसुद्धा एकच होती, इंडमार. म्हणजे झाकण उघडून आत बघितलं तर भांडायला फारसं काही उरतच नाही. सारखेपणा इतका की प्रकरण कोर्टातही गेलं. मागची लाट एका बाजूला वळवण्याच्या यंत्रणेच्या पेटंटवरून मालिबूने २०१५ मध्ये मास्टरक्राफ्टवर दावा केला. २०१७ मध्ये तडजोड झाली आणि मास्टरक्राफ्टने २५ लाख डॉलर मोजून लायसन्स घेतलं.

आता थोडं मेकॅनिकल. (बाकी ब्रँचेसनी कंटाळू नये.) या बोटींचं इंजिन आतच असतं, अगदी मागच्या टोकाला, तोंड उलटं करून. शाफ्ट आधी पुढे जातो, गिअरबॉक्समध्ये वळतो आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखा पुन्हा मागे येतो. म्हणून याला व्ही-ड्राइव्ह म्हणतात. यामुळे दोन फायदे होतात. एक, वजन मागे येतं आणि लाट मोठी उठते. दुसरा जास्त महत्त्वाचा. प्रोपेलर, म्हणजे आपले कोकणातले लोक म्हणतात तो पंखा, बोटीच्या पोटाखाली राहतो. मागे पाण्यात असलेल्या माणसापासून तो दूर असतो. साध्या आउटबोर्ड बोटीत तोच पंखा मागच्या टोकाला उघडा फिरत असतो.

मग या दोघींत फरक कुठे आहे? लाट मोठी करण्याच्या पद्धतीत. वेकबोर्डवाल्याला उडी मारायला मोठी लाट हवी, त्यासाठी बोटीची मागची बाजू पाण्यात खोल दबली पाहिजे. मास्टरक्राफ्टचा भर पाण्याच्या टाक्यांवर. पंपाने पाणी भरायचं, पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो. आपल्या मेसच्या रांगेतली आठ मुलं बोटीच्या मागच्या भागात नेऊन बसवल्यासारखं! दादाने पाहिलेल्या मालिबूत टाक्या लहान आहेत, पण जोडीला 'वेज' आहे. ही मागे पाण्यात उतरणारी पाती. विमानाचा पंख उलटा लावला तर जे होईल तेच ही करते, बोटीला खाली ओढते.

फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर आठवा. पातीवरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेकबोर्डिंग साधारण ताशी ३५ किलोमीटरला चालतं, दोरी सोडून लाटेवर तरंगायचं वेकसर्फिंग त्याच्या निम्म्या वेगाला. वेग निम्मा झाला की पातीचा जोर पावपट! टाकीतल्या पाण्याचं वजन मात्र वेग काहीही असो, तेवढंच. म्हणजे सर्फिंगच करायचं असेल तर वजन पाहिजे. पण दादाच्या चौघांत एक वेकबोर्डवर तरबेज, दोघे नवशिके आणि चौथ्याची बायको साधं स्कीइंग करते. स्की करणाऱ्याला मोठी लाट नकोच असते, तिला शक्य तितकं सपाट पाणी हवं. इथे पाती सोयीची. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. टाक्या भरायला-रिकाम्या करायला थांबावं लागतं, आणि रविवारची दुपार तेवढी मोठी नसते.

म्हणून मी दादाला मालिबू सुचवली. पण एक अट घातली. डीलरकडे जाऊन नुसती चालवून बघू नकोस. चौघांनी आळीपाळीने दोन्ही बोटींमागे दोरी धरून पाण्यात उतरा. उठताना झटका किती बसतो? वळणावर वेग टिकतो की दोरी ढिली पडते? मागच्या फळीवर दमलेल्या माणसाला चढता येतं का? मागे बघत बसणाऱ्या माणसाला तुम्ही सतत दिसता का? यातलं एकही उत्तर ब्रोशरमध्ये नसतं. पाण्यावर उलटा अनुभव आला तर माझं मत खुशाल बाजूला ठेवा.

फळीवरून आठवलं. इंजिनचा धूर मागेच सुटतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला ना रंग ना वास. इंजिन चालू असताना मागच्या फळीला लटकून जायची एक फॅशन तिकडे होती. त्यात माणसं मेली, आणि कॅलिफोर्नियात २००५ पासून त्यावर कायद्याने बंदी आहे. ड्रायव्हर पुढे मोकळ्या हवेत गाणी ऐकतो, मागचा माणूस विष ओढतो. स्टिअरिंगवरून सगळं छानच दिसतं!

काही जण म्हणतील, एवढा विचार कशाला, जिची लाट सगळ्यात मोठी ती घ्या. हे मला पटत नाही, कारण दोरीच्या टोकाच्याही पलीकडे एक जण आहे, तो म्हणजे काठ. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये या लाटा मोजल्या. वेकसर्फ बोटींनी काठापासून पाचशे फुटांहून लांब राहावं, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. व्हरमाँट राज्याने २०२४ मध्ये पाचशे फुटांचा नियमच केला, आणि पाणी निदान वीस फूट खोल हवं असंही सांगितलं. नाहीतर काठाची माती धुपते आणि तळाचा गाळ ढवळून वर येतो. ज्या मिनेसोटात हा खेळ जन्मला, तिथेच आता त्याला अंतर ठेवायला सांगावं लागतंय. मोठ्या लाटेची किंमत बोटीच्या किंमतीत धरलेली नसते, ती तळ्याकाठी राहणारे भरतात.

कोणी म्हणेल, बाई, आपल्याला काय करायचंय अमेरिकेतल्या बोटींशी? करायचंय. परीक्षा संपली की आपल्यातले निम्मे जण मालवण-तारकर्लीला जातात आणि बनाना राईड घेतात. तिथे बोट आपण निवडत नाही, पण दोरीच्या टोकाला आपणच असतो. आणि ओढणारी बोट बहुतेक वेळा आउटबोर्डची असते, म्हणजे पंखा मागे, उघडा. तेव्हा शंभर-दोनशे रुपयांची घासाघीस करण्याआधी दोन मिनिटं बोलावं. "काका, जॅकेटचे पट्टे धड आहेत ना? आम्ही पडलो तर मागे बघायला कोण आहे? आम्ही पाण्यात असताना इंजिन बंद करणार ना?" चांगला बोटवाला या प्रश्नांनी चिडत नाही, उलट नीट समजावून सांगतो. जो चिडेल त्याच्या बोटीला पाठ दाखवून किनाऱ्यावर भजी खावीत.

आपण सगळे उद्याचे इंजिनियर, म्हणजे बहुतेक वेळा स्टिअरिंगच्या बाजूला बसणारे. कधी पंप निवडू, कधी लिफ्ट, कधी एखाद्या कारखान्याचं मशीन. दोन कोटेशन समोर येतील, आकडे सारखेच असतील आणि सही आपली असेल. सही करण्याआधी त्या मशीनवर रोज आठ तास उभं राहणाऱ्या माणसाला एकदा विचारून यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.