सुट्टीतला छंद: टेबलावरची कोळसा खाण

वार्षिक परीक्षा संपल्या की घरोघरी आईवडिलांना एकच चिंता पडते. मुलांचे हे दोन महिने कसे जायचे? गावी जावे म्हटले तर सगळ्यांनाच जमते असे नाही, आणि टीव्ही व मोबाईलसमोर बसलेले मूल पाहून जीव तुटतो. म्हणून या सदरात आम्ही या वेळी असा एक छंद सुचवणार आहोत, ज्यात सुतारकाम आहे, चित्रकला आहे, गणित आहे, वीज आहे आणि इतिहासही आहे. तो म्हणजे लहान आगगाडीचा देखावा, आणि तोही कोळशाच्या खाणीचा.

खाणच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. नुसती गोल फिरणारी गाडी दोन दिवस बरी वाटते, तिसऱ्या दिवशी ती कपाटावर जाते. गाडीला काही काम असले पाहिजे. खाणीपाशी रिकाम्या वॅगन आणायच्या, त्या भरायच्या, वजनकाट्यावर न्यायच्या, मग वीज केंद्रापर्यंत पोहोचवून रिकाम्या परत आणायच्या, हे काम कधी संपत नाही. आपल्याकडेही लोहमार्ग आणि कोळसा यांचे नाते जुने आहे. वर्धा ते वरोरा हा फाटा १८७० च्या दशकात टाकला गेला तो वरोऱ्याचा कोळसा बाहेर काढण्यासाठीच. पुढे बल्लारपूर, घुगुस, माजरी, सास्ती ही नावे कोळशानेच सर्वांना माहीत झाली.

पहिली गोष्ट, काळ ठरवा. एकाच टेबलावर दोन काळ मिसळू नयेत. जुना काळ हवा असेल तर वाफेचे इंजिन, चार चाकांच्या उघड्या वॅगन, भुयारी खाण आणि डोक्यावर टोपली घेऊन वॅगन भरणारे मजूर दाखवावेत. मालगाडीसाठी चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० पासून बाहेर पडू लागलेली डब्ल्यूजी जातीची इंजिने त्या काळात शोभतात. आजचा काळ हवा असेल तर विजेचे इंजिन, आठ चाकांच्या बॉक्सएन वॅगन, उघडी खाण, मोठमोठे डंपर आणि वरून कोळसा सोडणारे उंच कोठार दाखवावे.

दुसरी गोष्ट, प्रमाण. इथे मुलांकडून गणित करून घ्यावे. सर्वांत जास्त चालणारे प्रमाण ‘एचओ’ म्हणजे एकास सत्त्याऐंशी. पाच फूट पाच इंच उंचीचा माणूस त्यात एकोणीस मिलिमीटरचा होतो. साधारण पावणेअकरा मीटर लांबीची बॉक्सएन वॅगन बारा सेंटिमीटरच्या आसपास येते. खरी कोळशाची गाडी अठ्ठावन्न वॅगनची असते. मुलांना विचारा, ती सगळी गाडी आपल्या घरात मावेल का? उत्तर येते तेवीस फुटांच्याही वर! म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपेक्षाही लांब. तेव्हा सहा वॅगनवर समाधान मानावे. आपल्या ब्रॉडगेजच्या रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरहून थोडे जास्त येते. बाजारात मिळणारा एचओचा रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचा असतो, कारण तो परदेशी गेजवर बेतलेला आहे. हा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही, पण तो का आहे हे मुलांना कळले पाहिजे.

जागा कमी असेल तर ‘एन’ प्रमाण घ्यावे. ते एकास एकशे साठ असून त्याचा रूळ नऊ मिलिमीटरचा असतो. एचओचा गोल रूळ टाकायला चार फूट रुंदीची फळी लागते, तिथे एनला दोन फूट पुरतात. चार बाय तीन फुटांच्या दोन प्लायवूडच्या फळ्या बोल्टने जोडल्या तर काम झाल्यावर सुट्या करून पलंगाखाली सरकवता येतात. आणि ज्यांना विजेवरची गाडी परवडत नाही त्यांनी मुळीच मन छोटे करू नये. पुठ्ठ्याच्या वॅगनना बटणांची चाके लावून हाताने ढकलल्या तरी खाण तीच, काम तेच. या छंदात मोटारीला महत्त्व कमी आणि देखाव्याला जास्त.

आता एक गमतीची युक्ती सांगतो. ती या छंदातील जुन्या लोकांना ठाऊक आहे. टेबलाच्या मधोमध पुठ्ठ्याची आडभिंत उभी करावी. एका बाजूला खाण, दुसऱ्या बाजूला वीज केंद्र. भिंतीला भोके पाडून दोन समांतर रूळ आरपार न्यावेत, आणि दोन्ही बाजूंची भोके इमारतींच्या आड लपवावीत. एक रूळ भरलेल्या वॅगनसाठी, एक रिकाम्यांसाठी. इंजिन भरलेल्या वॅगन वीज केंद्रात ढकलते. त्या आतून सरकून पलीकडे खाणीच्या कोठाराखाली उभ्या राहतात. फेरी मारून इंजिन खाणीपाशी येते ते याच भरलेल्या वॅगन ओढून बाहेर काढायला! रिकाम्यांचे याच्या उलट. पाहणाऱ्याला वाटते की खाणीतून सतत कोळसा निघतो आहे आणि वीज केंद्र तो गिळते आहे. यासाठी चार सांधे लागतात. सांधे बदलण्याचे काम घरातल्या सर्वांत धाकट्याला द्यावे. सांधेवाल्याची जबाबदारी किती मोठी असते ते त्याला गाडी घसरल्यावर आपोआप कळते.

बाकी सामान घरातच असते. जुनी वर्तमानपत्रे खळीत भिजवून टेकड्या होतात. भुसा हिरव्या रंगात बुडवून वाळवला की गवत. उदबत्तीच्या काड्यांचा मनोरा, आणि त्यावर बिघडलेल्या घड्याळाचे दातेरी चाक बसवले की खाणीत पिंजरा सोडायचे यंत्र तयार. काडेपेटीच्या काड्या म्हणजे भुयाराचे छत तोलणारे लाकडी टेकू. खरा कोळसा खलबत्त्यात कुटून चहाच्या गाळणीने चाळावा आणि पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने चिकटवावा. तो पुठ्ठा वॅगनवर ठेवला की वॅगन भरली, उचलला की रिकामी. सुटी पूड मात्र रुळावर पडू देऊ नये. ती पडली की वीज अडते आणि गाडी जागीच थांबते. ज्यांना हा छंद किती पुढे जाऊ शकतो हे पाहायचे असेल त्यांनी पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे.

हे सर्व झाले कारागिरीचे. आता आम्हाला जे खरे सांगायचे आहे ते सांगतो.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांचा जन्म चंद्रपूरकडच्या भुयारी खाणीत काम करण्यात गेला. आमच्या मुलांनी खाण करायची ठरवली तेव्हा फळी कापण्याआधी त्यांना चहाला बोलावले आणि विचारले, आजोबा, खाणीत सगळ्यात आधी काय काय दाखवायचे? आम्हाला वाटले ते मोठ्या चाकाबद्दल बोलतील, नाहीतर इंजिनाबद्दल. आजोबांनी कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘पोट्टेहो, पयले लॅम्परूम बनवा. दिवा वापस आला म्हंजे मानूस वर आला.’

मग त्यांनी समजावून सांगितले. खाणीत उतरताना प्रत्येकाला टोपीवर लावायचा दिवा आणि कमरेला बांधायची जड बॅटरी मिळे. प्रत्येक दिव्याला नंबर. शिफ्ट संपली की दिवा आपल्या जागी परत. एखादी जागा रिकामी दिसली की लॅम्परूमवाला विचारणार, हा माणूस कुठे आहे? घरी वाट पाहणाऱ्या बाईला खाणीतून किती टन कोळसा निघाला याच्याशी घेणे नसते, तिचा जीव त्या नंबरात अडकलेला असतो. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार आतच राहिले. हे सांगताना आजोबा बराच वेळ गप्प बसले. मुलेही गप्प होती.

मुलांनी लॅम्परूम बनवली. काडेपेटीच्या खोक्यात बारा टाचण्या आणि त्यांवर बारा नंबर. खेळाचा नियमही त्यांनीच ठरवला. भोंगा वाजल्यावर बाराही दिवे परत आल्याशिवाय दुसरी शिफ्ट उतरायची नाही. बाहेर भरलेली गाडी कितीही खोळंबली तरी चालेल. आम्हाला हा नियम कुठल्याही पुस्तकातल्या धड्यापेक्षा मोठा वाटला.

दुकानात मिळणाऱ्या खाणीच्या खोक्यात इमारत असते, चाक असते, वॅगन असतात. माणसे फार थोडी असतात, असलीच तर शोभेपुरती. आपल्या मुलांनी तसे करू नये. खाणीत आणि रेल्वेत आपल्या समाजाच्या किती पिढ्या खपल्या हे वेगळे सांगायला नको. कोणी कोळसा फोडला, कोणी वॅगन भरल्या, कोणी रुळांखाली खडी ठोकली. त्यांच्या नातवंडांच्या हातून होणाऱ्या देखाव्यात ती माणसे दिसलीच पाहिजेत.

इथे एक इतिहास मुलांना जरूर सांगावा. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद-झरिया भागातील कोळसा खाणी पाहायला गेले. कचेरीत बसून अहवाल ऐकून परतले नाहीत, तर स्वतः खाणीत उतरले आणि कामगारांची राहती घरेही पाहिली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून रवाना होणाऱ्या कोळशावर अल्पसा कर बसवायचा आणि तो पैसा कामगारांची घरे, पिण्याचे पाणी, दवाखाना, शिक्षण यांसाठी वापरायचा, अशी ती योजना. म्हणून टेबलावर वजनकाटा करायला विसरू नका. वॅगन काट्यावर थांबली की मुलांना सांगा, या कोळशात खाणीवरच्या लेकरांच्या शाळेचा वाटा आहे.

स्त्रियांचेही तसेच. जमिनीखालच्या कामावर बायकांना १९३७ पासून बंदी होती. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा १९४३ मध्ये सरकारने ती उठवली, त्यावर केंद्रीय विधिमंडळात टीकाही झाली. बंदी उठवणे तात्पुरते आहे आणि समान कामाला स्त्रीलाही समान मजुरी, ही भूमिका बाबासाहेबांनी तेथे मांडली. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. तेव्हा तुमचा देखावा १९५० नंतरचा असेल तर बायका भुयारात दाखवू नका. वॅगनला टेकवलेल्या फळीवरून टोपल्या घेऊन चढणाऱ्या दाखवा. आजचा देखावा असेल तर गोष्ट वेगळी. २०१९ पासून तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी स्त्रियांना दिवसाच्या वेळी भुयारी खाणीत उतरण्याची मुभा मिळाली आहे. एखादी अभियंता मुलगी टोपी घालून लॅम्परूमच्या दारात उभी करायला काय हरकत आहे?

एकोणीस मिलिमीटरची माणसे करणे अवघड नाही. तांब्याची बारीक तार वाकवून सांगाडा करावा, त्यावर कागदाचा लगदा किंवा मेण चढवावे आणि रंग द्यावा. चाळ करा, नळ करा, नळावर रांग करा, शाळा करा. प्रत्येक माणसाला काम द्या. आमच्या मुलांनी प्रत्येकाला नावही दिले आहे.

शेवटी एक कळकळीची विनंती. ज्यांच्या घरात, नात्यात किंवा वस्तीत खाणीत काम केलेले कोणी वडीलधारे आहेत त्यांनी या सुट्टीत मुलांना वही-पेन देऊन त्यांच्याजवळ बसवावे. हातात कोणते हत्यार असे, डबा कुठे बसून खात, पहिला पगार किती होता, कोणाची भीती वाटे, संघटनेच्या सभा कुठे भरत, हे विचारून घ्यावे. चंद्रपूर भागातल्या कित्येक जुन्या भुयारी खाणी बंद झाल्या आहेत आणि त्यांत उतरलेली माणसे आता थकली आहेत. त्यांनी सांगितल्याशिवाय हे कुठे लिहिलेले सापडणार नाही. फळी, रूळ आणि रंग पुढच्या वर्षीही आणता येतील. हे काम मात्र याच सुट्टीत करावे.

देखावा पूर्ण झाला की एखाद्या रविवारी वस्तीतल्या मुलांना बोलवा. गाडी चालवायचा मान प्रथम त्या वडीलधाऱ्यांना द्या, आणि कोण काय काम करतो ते मुलांना मोठ्याने सांगू द्या.

जयभीम.