उत्तरा नक्षत्रातील संजीवनी बेट आणि आपला वैद्यवर्ग

सूर्य उत्तरा नक्षत्रात प्रवेश करतो तो साधारणतः १३ सप्टेंबरला. तेव्हापासून सुमारे पंधरवडाभर लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात, वडवळ नागनाथ गावाजवळच्या संजीवनी बेटावर लोकांची रीघ लागते. बेट म्हणजे वस्तुतः वनौषधींनी भरलेली टेकडी. द्रोणागिरी नेताना मारुतिरायाच्या हातून त्याचा एक तुकडा येथे पडला, अशी लोकश्रद्धा आहे. आणि या नक्षत्रात येथील झाडझुडपांचा पाला खाल्ल्याने जुनाट व्याधी हटतात, ही त्यास जोडून आलेली दुसरी. संधिवात, दमा, मधुमेह, त्वग्रोग यांनी गांजलेले रुग्ण शिदोरी बांधून येतात आणि हाताला लागेल तो पाला श्रद्धेने चघळतात.

गेल्या भाद्रपदात आम्ही नांदेड व लातूरचे पाच स्नेही, चार वैद्य आणि एक औषधालयाचे मालक, एक दिवस काढून तेथे जाऊन आलो. मुळात मंडळींचा बेत होता जम्मूकडील भदरवाहचा. तेथे २०२२ पासून भरणाऱ्या लॅव्हेंडर महोत्सवाची जांभळी छायाचित्रे एका स्नेह्याच्या भ्रमणध्वनीवर आली होती. तो बेत रजा आणि खर्च यांत अडकला. मग लोहा, अहमदपूर, चाकूर असा घरचाच रस्ता धरला, आणि ते बरेच झाले.

ही प्रथा हसण्यावारी नेण्याजोगी नाही. चरकाचार्यांनी कल्पस्थानात औषधी-संग्रहणाचा काळ सांगताना नवी पालवी व पाने वर्षा आणि वसंत ऋतूंत, मुळे ग्रीष्मात अथवा शिशिरात, तर साल, कंद व क्षीर शरदात घ्यावे असे म्हटले आहे. भाद्रपदात पाला खुडण्याची लोकरीत या वचनाशी जुळते. गावकऱ्यांनी चरक वाचलेला नाही, पण शेळ्या-मेंढ्या राखणारे व वनात वावरणारे लोक वनस्पती नामरूपाने ओळखतात, हे खुद्द चरकानेच मान्य केले आहे. मात्र त्याच ठिकाणी तो पुढे सांगतो की देश, काल व पुरुष पाहून जो योजना जाणतो तोच श्रेष्ठ वैद्य. त्या दिवशी बेटावर नेमका हाच दुसरा अर्धा भाग आम्हांस कोठे आढळला नाही.

पाल्यापाल्यात भेद आहे. गुंजेचा पाला विड्यात गोड लागतो. तिचे बीज विष आहे. कळलावी, जिला आपल्याकडे खड्यानागही म्हणतात, ती याच दिवसांत माळरानावर लालपिवळ्या फुलांनी डोळ्यांत भरते. ग्रंथांत तिची गणना उपविषांत आहे आणि आधुनिक परीक्षणानुसार तिच्यात कोल्चिसीन हे तीव्र विष असते. वृक्काच्या विकाराने आधीच जर्जर झालेल्या मधुमेही रुग्णाने मूठभर अनोळखी पाने खाल्ली, तर त्यास कोणते नक्षत्र वाचवणार? आमच्यासमोर एका वृद्ध गृहस्थाने सकाळपासून किती प्रकारचा पाला खाल्ला हे बोटांवर मोजून दाखविले. आकडा अकराच्या पुढे गेला. नावे त्यांना चारांची ठाऊक होती. रक्तशर्करेच्या गोळ्या त्यांनी तीन दिवसांपासून बंद ठेवल्या होत्या.

मुळे उपटणाऱ्यांविषयी तर बोलावयासच नको. त्यांच्या पिशव्यांतील ओल्या मुळांना ऋतूचाही आधार नाही आणि पुढील वर्षी रोप उगवण्याची आशाही नाही. पण येथे बोट आपल्याकडेही वळते. आपली किती औषधालये काष्ठौषधींच्या व्यापाऱ्यास माल कोठून, कोणत्या महिन्यात व कोणत्या अंगाचा काढला हे विचारतात? शंखपुष्पी म्हणून कोणी एक वनस्पती देतो, कोणी निळ्या फुलांची विष्णुक्रांता देतो, आणि पोत्यावर नाव एकच असते. आमच्यासोबतचे औषधालय-मालक यावर म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुम्ही चिठ्ठीवर शंखपुष्पी एवढेच लिहिता. कोणती, ते कधी लिहिलेत?” प्रश्न रास्त होता.

भदरवाहकडे पाहावे ते याचसाठी. लॅव्हेंडर आपल्या संहितांत नाही. युनानी चिकित्सेतील उस्तुखुद्दूस हे त्याच कुळातले, पण जात निराळी. ते थंड हवेचे पीक मराठवाड्यात लावा असे कोणी सुचवू नये. तेथे मक्याची शेती करणारे शेतकरी फुलांकडे वळले, कारण जम्मूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिनने रोपे दिली, तेल काढण्याची ऊर्ध्वपातन यंत्रे जवळ आणली आणि खरेदीदाराशी गाठ घालून दिली. महोत्सव त्यानंतर आला. आपल्याकडे उलट घडले. २००० नंतरच्या काही वर्षांत सफेद मुसळीचे बेणे अवाच्या सवा भावाने शेतकऱ्यांच्या गळ्यात मारले गेले. कंद तयार झाले तेव्हा घेणारा कोणी उरला नव्हता. सोयाबीनच्या भावाने त्रासलेला शेतकरी आज औषधी पिकाचे नाव काढताच हात जोडतो, तो त्या अनुभवामुळे.

आमची सूचना अशी. संघटनेच्या नांदेड व लातूर शाखांनी उत्तरा नक्षत्राच्या पंधरवड्यात रोज दोन वैद्य बेटावर बसवावेत. विषारी वनस्पतींची चित्रे व नावे लावलेला एक फलक, रक्तदाब व रक्तशर्करा तपासण्याची सोय, आणि चालू औषधे बंद करू नका हे सांगणारा माणूस, एवढे प्रथम वर्षी पुरे. नांदेड व लातूरच्या आयुर्वेद महाविद्यालयांतील द्रव्यगुणाचे विद्यार्थी सोबत असतील तर त्यांचीही ओळखपरीक्षा होईल. औषधालयांच्या मालकांनी मात्र दुसरे एक काम अंगावर घ्यावे: वर्षाकाठी शतावरी, अश्वगंधा, गुळवेल किती किलो लागते आणि कोणत्या भावाने घेऊ, हे लेखी द्यावे. तो कागद हाती असल्याखेरीज कोणाही शेतकऱ्यास एक रोप लावा म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

आमचे पाचही जण पुढील वर्षाच्या पहिल्या दोन दिवसांची पाळी घेण्यास तयार आहेत. उरलेल्या दिवसांसाठी नावे श्रावण संपण्यापूर्वी जिल्हा शाखेकडे यावीत.